भोवरा, क्षेपणास्त्र आणि आपले विज्ञान प्रदर्शन



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववी ते अकरावीच्या वर्गांतून जे प्रस्ताव आमच्याकडे आले, त्यांपैकी पाच क्षेपणास्त्रांचे आहेत. पाचही प्रस्तावांत पुठ्ठ्याची नळी, थर्माकोलचे पंख, शेपटीला लाल दिवा आणि शेजारी एक तक्ता आहे. तक्त्यावर लांबी, वजन, पल्ला आणि चाचणीची तारीख. मुलांचा उत्साह पाहून आम्हाला आनंदच झाला. पण पाचांतील एकाही प्रस्तावात एका साध्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. हे क्षेपणास्त्र जाते कुठे, हे त्याला कसे कळते? त्याला डोळे नाहीत, खिडकी नाही, रस्ता विचारायला कोणी भेटत नाही. तरी ते जाते. या प्रश्नावर, आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या एका अप्रिय प्रश्नावर, आमचे मत येथे मांडत आहोत. काही पालकांना ते रुचणार नाही याची कल्पना आहे.

प्रथम विज्ञान. इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने आपण रात्री मुंबईला निघतो. पडदा ओढलेला, दिवे मालवलेले, बाहेरचे काही दिसत नाही. तरीही गाडी सुटली, वेग वाढला, वळणावर कलली, ब्रेक लागला, हे बर्थवर पडल्या पडल्या अंगाला कळते. आता अशी कल्पना करा की अंगाला बसणारा प्रत्येक धक्का कोणी अचूक मोजत आहे आणि त्याच्याजवळ उत्तम घड्याळ आहे. किती त्वरणाने किती वेळ गेलो, यावरून वेग निघेल. त्या वेगाने किती वेळ गेलो, यावरून अंतर निघेल. मग खिडकी न उघडता त्याला सांगता येईल की आता रतलाम मागे पडले. जडत्वीय मार्गदर्शन म्हणजे इतकेच. बाहेरून संदेश घ्यायचा नाही, बाहेर संदेश द्यायचा नाही, फक्त आपल्याच अंगाला बसलेल्या धक्क्यांचा हिशेब ठेवायचा. म्हणूनच शत्रूला तो बिघडवता येत नाही.

पण कोणत्या दिशेने धक्का बसला, हे कळायला एक न हलणारी दिशा हवी. ती देतो भोवरा. (आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले, तेव्हा आमच्या तोंडी लट्टू हा शब्द आधी येतो. जडत्व, त्वरण, वेग, संवेग हे शब्द मात्र हिंदी आणि मराठी पुस्तकांत जवळजवळ एकच आहेत. मराठीतून विज्ञान अवघड जाते म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) जाळी गुंडाळून सोडलेला भोवरा जोरात फिरत असतो तोवर आपला आस सोडत नाही. हीच गोष्ट एका जड चाकतीने, कमीत कमी घर्षणाच्या चौकटीत बसवून केली की झाला गायरोस्कोप. हे नाव १८५२ साली फ्रान्सच्या लेऑं फुको यांनी दिले. पृथ्वी फिरते हे त्यांना खोलीत बसून दाखवायचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी याच चाकतीपासून जहाजांचे होकायंत्र तयार झाले.

आता पहिल्या मोठ्या क्षेपणास्त्राकडे येऊ. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर पेनेम्युंडे येथे ३ ऑक्टोबर १९४२ रोजी ए-४ नावाचे क्षेपणास्त्र प्रथम यशस्वीपणे उडाले. पुढे जगाने त्याला व्ही-२ म्हणून ओळखले. उंची १४ मीटर, वजन सुमारे १३ टन, टोकाला सुमारे एक टनाचा स्फोटक गोळा, इंधन अल्कोहोल आणि द्रवरूप प्राणवायू, पल्ला सुमारे ३२० किलोमीटर. आपल्या मुलांचे तक्ते येथेच संपतात. खरी गंमत येथून पुढे आहे.

या क्षेपणास्त्राचे इंजिन जेमतेम ६५ सेकंद चालत असे. एकूण प्रवास पाचेक मिनिटांचा, त्यातला पहिला एक मिनिटच काय तो मार्गदर्शनाचा. त्यानंतर ते नुसता फेकलेला दगड असे. दगड हातातून सुटण्याच्या क्षणी त्याची दिशा आणि वेग ठरला की तो कुठे पडणार हेही ठरले. बॅलिस्टिक या शब्दाचा अर्थच तो. म्हणजे सगळे कौशल्य त्या एका मिनिटात. मार्गदर्शनाचा हिशेब जितका लांबेल तितकी चूक साचत जाते, घरखर्चाच्या वहीत पहिल्याच पानावर चुकलेली बेरीज शेवटपर्यंत पुढे जाते तशी. मिनिटाभराच्या हिशेबात ती थोडी साचते. त्या काळच्या ओबडधोबड साधनांनी हे जमले, त्याचे कारण हे आहे.

व्ही-२ मध्ये दोन गायरोस्कोप होते. एक क्षेपणास्त्राचा पुढे झुकण्याचा कोन सांभाळी, दुसरा त्याचे डावीकडे-उजवीकडे वळणे आणि स्वतःभोवती फिरणे. क्षेपणास्त्र सरळ उभे उडे, काही सेकंदांनी ठरलेल्या गतीने हळूहळू झुकू लागे आणि उभ्या रेषेपासून पंचेचाळीस-पन्नास अंशांवर येई. कल चुकला की गायरोस्कोपकडून विजेचा संकेत जाई आणि इंजिनाच्या धगधगत्या झोतात बसवलेल्या ग्राफाइटच्या चार पात्या वळून त्याला जागेवर आणत. झोतातच का? कारण सुटतेवेळी वेग इतका कमी असतो की पंखांना हवेचा आधार मिळत नाही, आणि वर गेल्यावर हवाच उरत नाही. संकेत आणि पात्या यांच्यामध्ये हेल्मुट ह्योल्झर या अभियंत्याने तयार केलेली एक विद्युत मंडलांची पेटी होती. चूक किती आहे एवढेच नव्हे, ती किती वेगाने वाढते आहे हेही ती पेटी पाही. इलेक्ट्रॉनिक अनुरूप संगणकाच्या पहिल्या नमुन्यांत तिची गणना होते.

आणि आता आमचा सर्वांत आवडता भाग. इंजिन नेमके कधी बंद करायचे? यासाठी एक विलक्षण उपकरण होते, वेगमापक गायरोस्कोप. भोवरा कलला की पडत नाही, तर आर टेकलेल्या जागेभोवती त्याचा आस गोल फिरू लागतो, हे प्रत्येक मुलाने पाहिले आहे. ओढ जितकी जास्त, तितके हे गोल फिरणे वेगवान. आता मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेला गायरोस्कोप क्षेपणास्त्रात बसवा. त्वरण जितके जास्त, तितका तो भरभर फिरेल. म्हणजे एकूण किती फेरे झाले ते मोजले की आतापर्यंत किती वेग मिळाला ते समजले. गणितात ज्याला समाकलन म्हणतात आणि ज्याच्या नावाने बारावीची मुले रात्र जागवतात, ते एक फिरती चाकती स्वतःच करून दाखवते. ठरलेले फेरे पूर्ण झाले की विजेची जोडणी लागे आणि इंजिन बंद. (गुरुत्वाकर्षणाची ओढ या उपकरणाला जाणवत नाही, ती आधीच हिशेबात धरावी लागे, त्याविषयी अकरावीच्या मुलांनी भौतिकशास्त्राच्या तासाला जरूर विचारावे.) काही क्षेपणास्त्रांचे इंजिन जमिनीवरून रेडिओच्या संदेशाने बंद केले जाई, काहींना दिशेसाठी रेडिओची शलाकाही दाखवली जाई, पण टिकाव धरला तो चाकतीने. याच तत्त्वावरचे, अर्थात कितीतरी सुधारलेले उपकरण पुढे अमेरिकेच्या मिनिटमन क्षेपणास्त्रांतही बसले.

अकरावीच्या मुलांसाठी एक ढोबळ हिशेब देतो. इंजिन बंद होताना वेग सुमारे १६०० मीटर प्रति सेकंद. पृथ्वी सपाट मानून पंचेचाळीस अंशांवर फेकलेल्या वस्तूचा पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले ९.८. हे करून पाहा, सुमारे २६१ किलोमीटर येतील. आता वेगात फक्त एक मीटर प्रति सेकंदाची चूक करा. पल्ला सव्वातीनशे मीटरने बदलतो. शेवटच्या क्षणी वेग दर सेकंदाला साठेक मीटरने वाढत असतो. म्हणजे इंजिन एक दशांश सेकंद उशिरा बंद झाले तर दोन किलोमीटरचा फरक. दिशेत एका अंशाची चूक झाली तर ३०० किलोमीटरवर पाच किलोमीटर बाजूला. प्रत्यक्षात व्ही-२ लक्ष्यापासून कित्येक किलोमीटर दूर पडत. कारखान्यावर किंवा पुलावर नेम धरण्याच्या कामाचे ते नव्हतेच. शहरावर सोडायचे, कोणीतरी मरेल.

अप्रिय प्रश्न येथून सुरू होतो.

८ सप्टेंबर १९४४ रोजी पहिली व्ही-२ पॅरिस आणि लंडनवर पडली. त्यानंतर तीन हजारांहून अधिक सोडण्यात आली, बहुतेक लंडन आणि बेल्जियममधील अँटवर्पवर. १६ डिसेंबर १९४४ रोजी अँटवर्पच्या रेक्स चित्रपटगृहावर एक पडले आणि ५६७ लोक गेले. ते आवाजाच्या वेगाहून वेगाने येई, म्हणून आधी स्फोट होई आणि येण्याचा आवाज नंतर ऐकू येई. भोंगा वाजवायलाही सवड नसे.

हे बनवीत कोण होते? ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बॉम्ब टाकल्यावर उत्पादन हार्ट्स पर्वतात नॉर्डहाउझेन गावाजवळच्या बोगद्यांत हलवण्यात आले. मजूर होते छळछावणीतील कैदी: रशियन, पोलिश, फ्रेंच आणि इतर. छावणीचे नाव मिटेलबाउ-डोरा. सुरुवातीचे कित्येक महिने हे लोक बोगद्यातच झोपत. धूळ, थंडी, पिण्याच्या पाण्याची वानवा, शौचालयाच्या नावाने कापलेली पिंपे. काम बिघडवल्याच्या संशयावरून माणसे बोगद्यातील यारीला टांगून फाशी दिली जात आणि इतरांनी ते पाहावे अशी व्यवस्था असे. सुमारे साठ हजार कैदी या छावणीतून गेले. त्यांपैकी सुमारे वीस हजार मेले. ज्यांच्यावर हे अस्त्र सोडले त्यांच्यापेक्षा ते बनवताना मेलेल्यांची संख्या मोठी आहे.

या प्रकल्पाचे तांत्रिक प्रमुख वेर्नर फॉन ब्राउन बोगद्यांत जाऊन आले होते. तेथील हाल त्यांना ठाऊक होते. युद्धानंतर ते सहकाऱ्यांसह अमेरिकेत गेले. तेथे रेडस्टोन क्षेपणास्त्र, त्याच्याच एका रूपातून १९५८ चा एक्सप्लोरर-१ उपग्रह, आणि पुढे माणसाला चंद्रावर नेणारे सॅटर्न-५ रॉकेट. डोराच्या कारखान्यात उत्पादनाची जबाबदारी असलेले आर्थर रुडॉल्फ हे सॅटर्न-५ प्रकल्पाचे व्यवस्थापक झाले. त्या जुन्या प्रकरणाची चौकशी झाल्यावर १९८४ साली ते अमेरिकेचे नागरिकत्व सोडण्याचे मान्य करून देशाबाहेर गेले. चंद्र आणि डोरा एकाच माणसांच्या आयुष्यात आहेत. यातले एक सांगून दुसरे गाळणे आम्हाला मान्य नाही.

आमच्या या विचाराचा सुगावा लागताच काही पालक भेटून गेले. त्यांचे म्हणणे आम्ही शांतपणे ऐकले आणि ते येथे प्रामाणिकपणे मांडतो. एक म्हणाले, "सर, मुले लहान आहेत, फाशी-बिशी कशाला दाखवता?" मुले चौदा ते सोळा वर्षांची आहेत. मोबाइलवर ती काय पाहतात हे पालकांना आमच्याइतकेच ठाऊक आहे. बॉम्बस्फोट होताना पाहणे चालते आणि बॉम्ब कोणी, कोणत्या हालात बनवला हे वाचणे चालत नाही, हा न्याय आमच्या गळी उतरत नाही. फोटो लावणार नाही, इतके मात्र आम्ही मान्य केले. दोन परिच्छेद मजकूर आणि आकडे पुरेत.

दुसरे म्हणाले, "परीक्षेत येते का?" नाही. पण समाकलन येते, प्रक्षेप्य गती येते, कोनीय संवेग येतो. भोवऱ्यातून ते कळले तर परीक्षेतही उपयोगी पडेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "क्षेपणास्त्र म्हणजे देशाचा अभिमान. तेथे हिटलरच्या गोष्टी लावून मुलांच्या मनात किंतु कशाला निर्माण करता?" या भावनेचा आम्ही आदर करतो. १९८७ साली सात श्रीमंत देशांनी क्षेपणास्त्रांच्या तंत्रज्ञानावर निर्बंध आणले. उत्तम गायरोस्कोप आणि त्वरणमापक त्या यादीत होते. पैसे मोजूनही ते मिळणे अवघड झाले. त्या काळात आपल्या शास्त्रज्ञांनी हैदराबादेत आणि तिरुवनंतपुरमला ही उपकरणे उभी केली. २५ फेब्रुवारी १९८८ रोजी पृथ्वी उडाले, २२ मे १९८९ रोजी अग्नी. डॉ. अब्दुल कलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम खरोखर मोठे आहे. पण अभिमान कशाचा धरायचा? लाल दिव्याच्या शेपटीचा, की जगाने दार लावून घेतल्यावर केसाच्या जाडीहून कमी चुकीने चाकती घडवणाऱ्या हातांचा? पाच तक्त्यांपैकी एकावरही हे निर्बंध नव्हते, गायरोस्कोप नव्हता. आणि किंतु म्हणाल, तर ज्याला अस्त्राचा पूर्ण इतिहास माहीत आहे त्याचे देशप्रेम कच्चे असते असे आम्हाला कुठे आढळले नाही.

शिवाय हा प्रश्न आम्हीच काढलेला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेत चार्ल्स स्टार्क ड्रेपर नावाचे प्राध्यापक होते. दूरच्या पल्ल्याला जडत्वीय मार्गदर्शन चालणारच नाही, कारण गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांतला फरक उपकरणाला कळत नाही, असे जॉर्ज गॅमोव यांच्यासारखे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ म्हणत. ड्रेपरांनी चाकतीचे घर द्रवात तरंगते ठेवून घर्षण घटवले आणि ८ फेब्रुवारी १९५३ रोजी टनाहून जड यंत्रणा एका बी-२९ विमानात चढवून बेडफर्डहून लॉस एंजेलिसला निघाले. उड्डाण आणि उतरणे सोडले तर वाटेत वैमानिकाने सुकाणूला हात लावला नाही. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेने पोलारिस क्षेपणास्त्राचे मार्गदर्शन तयार केले. २० जुलै १९६० रोजी ते समुद्राखालच्या पाणबुडीतून प्रथम उडाले. अपोलो चांद्रयानाचे मार्गदर्शनही त्यांचेच. त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९६९ साली प्रयोगशाळेसमोर निदर्शने केली: विद्यापीठाने अण्वस्त्रांचे काम का करावे? वाद बराच चालला आणि १९७३ मध्ये प्रयोगशाळा विद्यापीठापासून वेगळी झाली. ड्रेपर हे नाराज होते, विद्यार्थी पूर्ण समाधानी नव्हते. पण तेथे प्रश्न विचारला गेला, आणि विचारणारे विज्ञानाचेच विद्यार्थी होते. आमच्या मुलांनी ड्रेपर व्हावे की निदर्शक, हे आम्ही ठरवणार नाही. दोन्ही होते, हे त्यांना ठाऊक असावे.

आता थोडे व्यवहाराचे. आम्ही असे ठरवले आहे की पाचही गटांनी मिळून एकच दालन करावे. पुठ्ठ्याचे मॉडेल एक पुरे. बाकीच्यांनी सायकलच्या चाकाचा गायरोस्कोप, फिरत्या खुर्चीवर बसून चाक कलवण्याचा प्रयोग, आणि मोबाइलमधील त्वरणमापकाने शाळेच्या जिन्यावरची चढउतार मोजण्याचा प्रयोग करावा. एके काळी टनाहून जड असलेले साधन आज नखाएवढे होऊन प्रत्येकाच्या खिशात आले आहे; मोबाइल आडवा केला की चित्र वळते ते त्याच जातीच्या उपकरणामुळे. समजावून सांगणे मराठीत; हिंदीतून विचारणाऱ्या पाहुण्याला हिंदीत. दालनाच्या शेवटी डोराचा फलक. तो मजकूर मुलांनी स्वतः लिहावा, इतिहासाच्या बाईंनी तपासावा.

विश्वस्त मंडळापुढे आमची एक विनंती आहे. यंदाच्या अंदाजपत्रकात प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणासाठी जी रक्कम ठेवली आहे, तिचा एक भाग भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारच्या बंद खोलीत छोटी कार्यशाळा सुरू करण्यासाठी मिळावा. एक शिकंजा, एक ड्रिल मशीन, बॉल बेअरिंग, सोल्डरिंगची चार साधने, इतकेच. प्रवेशद्वारावर क्षेपणास्त्राची मोठी प्रतिकृती उभारावी अशी सूचना एका सन्माननीय सदस्यांनी केली आहे. भावना स्तुत्य आहे, परंतु आतून पोकळ प्रतिकृतीपेक्षा मुलांच्या हाताला लागलेले ग्रीस आम्हाला अधिक मोलाचे वाटते. हा विषय कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत चर्चेला येणार आहे. पालक प्रतिनिधींनी अवश्य उपस्थित राहावे, विरोध असला तरीही.

दरम्यान, ज्यांच्या घरी सायकलची जुनी चाके, बंद पडलेले पंखे किंवा शिवणयंत्राच्या मोटारी पडून असतील त्यांनी त्या शाळेच्या कार्यालयात आणून द्याव्यात. लाकडी भोवरे आणि जाळीही हवी आहे. हल्ली बाजारात प्लास्टिकचेच मिळतात आणि ते दोन मिनिटेसुद्धा नीट उभे राहत नाहीत.